चाफ्याची एकच फांदी

चाफा हा देवांचा वृक्ष आहे, तो अनादी काळापासून या भूमीत उभा आहे आणि जोवर ही भूमी आहे तोवर तो उभाच राहणार आहे.

हे वाक्य माझं नाही. आमच्या गावाच्या नव्या वसाहतीत, देवळासमोर, एप्रिलमधल्या साडेअकराच्या उन्हात एका सन्माननीय पाहुण्यांनी ते माइकवरून सांगितलं आणि मांडवातल्या चाळीसएक घरांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. मी शाळेत आयुष्यभर विज्ञान शिकवलं. त्यामुळे मला माहीत होतं, की या चाफ्याची सगळी प्रजाती उष्ण कटिबंधातल्या अमेरिकेतली, मेक्सिको आणि आसपासच्या बेटांवरची. मिरची, अननस, पेरू, सीताफळ आलं तसं हेही झाड कधीतरी जहाजातून आलं आणि इथं रुळलं. संस्कृत पोथ्यांत जो चंपक भेटतो तो सोनचाफा. त्याचा याच्याशी संबंध नाही, आडनाव तेवढं एक. पण आपल्याकडे देवळासमोर पंचवीस वर्षं उभं राहिलं की माणूससुद्धा अनादी होतो, मग झाडानंच काय घोडं मारलंय?

पाहुणे ज्याला वृक्ष म्हणत होते ती खड्ड्यात उभी केलेली दीड हात लांबीची काठी होती. तिला एकही पान नव्हतं. ती काठी आमची होती.

तीसेक वर्षांपूर्वी मला मुलगा झाला. माझी आई तेव्हा नव्हती, म्हणून पहिलं बाळंतपण असूनही ते सासरी झालं. सासर म्हणजे उलव्याच्या बाजूचं खाडीकाठचं गाव. पुढं भातशेती, मागं मिठागरं. मी पनवेल शहरातली, प्रेमात पडून तिकडं गेले आणि पहिल्या दिवसापासून सगळ्या गावाची 'मास्तरीनबाय' झाले. मी आणि नवरा एकमेकांना अरे-तुरे करतो याचं तिथं कौतुक कमी आणि करमणूक जास्त होती.

दवाखान्यातून चौथ्या दिवशी आम्ही घरी आलो. नवव्या दिवशी सकाळी त्यानं दूध ओढायचं थांबवलं. पनवेलला नेताना वाटेत, टेंपोत, माझ्या मांडीवर तो गेला. टेंपोवाल्याला परत फिर म्हणून कोणी सांगितलं ते आठवत नाही, पण त्यानं गाडी वळवली. बारसं बाराव्या दिवशी असतं, म्हणून त्याला नाव नव्हतं. दाखल्यावर 'पुरुष अर्भक' असं लिहिलेलं आहे.

इतक्या लहान मुलांना जाळत नाहीत, पुरतात, आणि बायकांना तिथं नेत नाहीत. सासऱ्यांनी घरामागच्या बांधाच्या कडेला जागा केली. दुसऱ्या दिवशी न्हाणीच्या दारातून मला तिथं एक काठी रोवलेली दिसली. गावदेवीच्या देवळामागच्या चाफ्याची फांदी तोडून त्यांनी खुणेला लावली होती. खूण एवढ्याचसाठी, की पुढे बांध दुरुस्त करताना कोणाची कुदळ तिथं पडू नये. त्यात भावनेचा भाग किती होता ते मी विचारलं नाही, त्यांनीही सांगितलं नाही. मिठागरावर जन्म काढलेला माणूस होता, शब्द जपून वापरायचा.

काही महिन्यांनी काठीला पालवी फुटली. तिसऱ्या वर्षी फुलं आली, पांढरी, मधे पिवळी. सासूबाई अंगणातलं प्रत्येक फूल देवाला वाहायच्या, ही मात्र कधी वाहिली नाहीत. ती झाडाखाली पडून तिथंच तपकिरी व्हायची. घरात किंवा गावात त्या झाडाबद्दल कोणी एक शब्द काढला नाही. मग मी मनाशी धरून चालले, की सगळे विसरले. सासू-सासरे गेल्यावर तर ती गोष्ट आम्हा दोघांचीच उरली. या समजुतीत थोडा अभिमानही होता, हे कबूल करायला हवं. सगळं जग विसरतं आणि आपण एकटे लक्षात ठेवतो, असं वाटण्यात एक चोरटं सुख असतं. ते दुःखाच्या पोटात शिरून बसतं आणि भाडं भरत नाही.

पुढे आम्हाला मुलगी झाली. ती पुण्याला असते. रोपं मरतात ते तिला बघवत नाही, म्हणून घरात प्लास्टिकची ठेवते. तिला भावाबद्दल एकदा सांगितलं होतं, दहावीच्या सुट्टीत. तिनं विचारलं, "कसा दिसायचा?" मला सांगता येईना. नऊ दिवसांचं मूल नऊ दिवसांच्या मुलासारखं दिसतं.

मग विमानतळ आला. आमच्या भागात हे वाक्य पूर आला किंवा लग्न ठरलं अशा सुरात म्हणतात. टेकडी सुरुंग लावून फोडली, खाजणात भराव पडला आणि गावाला उठायची शेवटची तारीख मिळाली. लोकांनी दारं काढून नेली, खिडक्यांचे गज नेले, पाटे-वरवंटे नेले. एकानं विहिरीचा रहाट नेला, नव्या जागी नळ आहे हे पक्कं माहीत असताना.

नवरा एके दिवशी सकाळी स्कूटर घेऊन गेला आणि दुपारी परत आला तेव्हा पायाशी चाफ्याची एक फांदी आडवी ठेवलेली होती. फेब्रुवारी होता. चाफ्याची पानं गळालेली असतात, फांदी लावायला याहून चांगला काळ नाही.

"एकच?" मी म्हणाले. "अरे, दहा आणायच्या. दहा लावल्या तर चार जगतात."

तो स्कूटर स्टँडवर चढवत होता. वर न बघता म्हणाला, "एकच होता ना."

 मी फांदी उचलून घरात आणली.

चाफ्याची फांदी तोडली की तुटल्या जागी दुधासारखा चीक येतो. ती तशीच मातीत खोचली तर कुजते. आधी पंधरा-वीस दिवस कोरड्या जागी ठेवून जखम वाळू द्यायची, मग कोरड्याच मातीत लावायची, आणि पहिलं पान दिसेपर्यंत पाण्याच्या नादी लागायचं नाही. तिच्या अंगात तिला पुरेल इतकं पाणी असतं. आमच्या पनवेलच्या फ्लॅटच्या गॅलरीत जुन्या वर्तमानपत्रावर ती फांदी दीड महिना पडून होती, कारण वसाहतीतली माती अजून यायची होती. शेजारच्या खाला, ज्यांच्या घरातून ईदला येणाऱ्या शीरखुर्म्यावर आमचं निम्मं वर्ष निघतं, कपडे वाळत घालताना कठड्यावरून डोकावल्या.

"हा तो कब्रस्तानातला चाफा ना? आमच्यात कबरीवर लावतात."

"हो," मी म्हणाले. "आम्ही देवळासमोर लावणार आहोत."

त्यांनी चादरीचा चिमटा काढला. मग म्हणाल्या, "अल्ला जगवो," आणि चादर झटकायला लागल्या. पुढचं काहीही न विचारता इतकं मन लावून चादर झटकणारं माणूस मी पाहिलेलं नाही.

देवळासमोर लावायची, कारण दुसरीकडे माती नव्हती. वसाहतीत मिळालेल्या प्लॉटवर थोरले दीर आणि जाऊ यांनी घर बांधलं होतं, तिथं जिन्याखालीसुद्धा फरशी होती. देवळापुढं मात्र चौकोनी मोकळी जागा ठेवलेली होती. नवऱ्यानं देवळाच्या कमिटीला विचारलं. अध्यक्ष म्हणाले, "दादा, लावा की! पन असा गुपचूप कशाला? देवीची स्थापना हाय त्याच दिवशी पाहुन्यांचे हाताने लावू." नवऱ्याला नाही म्हणता येत नाही. हा गुण पाहून मी त्याच्याशी लग्न केलं होतं.

तर अशा रीतीने आमची काठी कार्यक्रमपत्रिकेत शिरली: दीपप्रज्वलन, सत्कार, वृक्षारोपण, महाप्रसाद. पाहुण्यांनी रेशमी रिबीन बांधलेल्या थापीनं माती लोटली आणि फोटोग्राफर म्हणाला तेवढा वेळ तांब्या तिरका धरून ठेवला. एक तांब्या, मी मनात म्हणाले, चालून जाईल.

त्या संध्याकाळी परत निघताना नवरा म्हणाला, "एक पाटी लावू या का? 'पाणी घालू नये' अशी."

मी आजूबाजूला बघितलं. कमानीवर नावं होती, देवळाच्या भिंतीवर देणगीदारांचा संगमरवर होता, बाकड्यांच्या पाठीवर बाकडं देणाऱ्याचं नाव होतं आणि रस्त्याच्या तोंडाशी सोळा चेहऱ्यांचा फ्लेक्स होता. त्या सोळाव्या चेहऱ्याला फक्त कपाळ मिळालं होतं.

"लाव की," मी म्हणाले. "खाली 'सौजन्य' म्हणून तुझा फोटोही टाक. हात जोडलेला."

तो हसला. मी विनोद केला की तो हसतो, हा त्याचा दुसरा गुण. पाटी राहून गेली. मी तो विनोद का केला हे मला त्या क्षणीही ठाऊक होतं. पाटी लावली असती तर कोणीतरी विचारलं असतं, एका काठीची एवढी काळजी कशाला. मग सांगावं लागलं असतं. जावेला तरी कानात सांगता आलं असतं, तेही मी त्याच कारणासाठी केलं नाही. मी दिखाऊपणाची चेष्टा करण्यात तरबेज आहे. त्यात सोय अशी असते, की आपल्याला काय लपवायचंय ते कोणी बघत नाही.

त्यानंतर माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि मी सहा आठवडे घरात पडले. नवरा माझ्या उशापायथ्याशी अडकला. जाऊ दर दोन दिवसांनी फोन करायची. माझ्यापेक्षा बारा वर्षांनी मोठी, सगळं बोलणं दारातून हाक मारल्यासारखं.

"गुरगा कसा हाय?"

"वाकतोय आता."

"वाकव, वाकव. नी तुमचा झार मस्त उबा हाय. कालजी करू नको."

मी काळजी करत नव्हते. झाड उभं आहे म्हणजे जिवंत आहे असं नाही, हे मी सातवीच्या मुलांना शिकवत असे.

मेच्या शेवटी, हातातली काठी टेकत, मी नवऱ्याबरोबर वसाहतीत गेले. सकाळचे आठ वाजले असतील. आमची फांदी खरोखर उभी होती. पान नव्हतं, पण पान येण्याचा तो काळच नव्हे असं मी स्वतःला सांगितलं, जे खोटं होतं. नवऱ्यानं तिला दोन बोटांनी हलकं ढकललं. ती रवीसारखी गोल फिरली. त्यानं ओढली तर काही जोर न लावता बाहेर आली. खालची वीतभर पिकून काळ्या पडलेल्या केळ्यासारखी झाली होती. मी खड्ड्यात हात घातला. मे महिन्यात, जिथं रस्त्यावरचं डांबर पायाला चिकटत होतं, तिथं कोपरापर्यंत चिखल होता.

देवळाच्या पायऱ्यांवरून बायका उतरत होत्या, हातात तांबे. देवीला पाणी घालून परत निघालेल्या. जाऊ पुढं होती.

"कोण पाणी घालतं याला?" मी विचारलं. आवाज वर्गातला निघाला.

"मी," जाऊ म्हणाली. "देवीला घालते, उरलेला त्याला."

"रोज?"

"मग काय शनवार-रविवार?"

तिच्या मागची म्हणाली, "अगो वयनी, तू घालतेस? मी तर रोज सकाली येतानाच घालते."

"तू कनाला घालतेस? मी हाय ना!"

"मना काय म्हायती तू घालतेस ती?"

"मी सांजचा घालते," आणखी एकीनं सांगितलं, जरा गुन्हा कबूल केल्यासारखं. "उन उतरल्याव."

कोपऱ्यावरच्या घरातली म्हातारी काकी सगळ्यांच्या मागून आली. तिच्या हातात तांब्या नव्हता, छोटी बादली होती. तिला पाहून एकजण खुदकन हसली आणि मग सगळ्याच हसायला लागल्या. प्रत्येकीला वाटत होतं, आपण एकटीच. एकमेकींना चुकवून, वेळा सांभाळून, त्या चाळीस घरांतल्या निदान दहा-बारा बायका दीड महिना त्या काठीला पाणी पाजत होत्या.

मी हसले नाही. "पण कशाला?" मी म्हणाले. "वाळकी काठी आहे ती. काठीला कोण रोज पाणी घालतं?"

काकीनं बादली खाली ठेवली. "काठी कशी?" ती म्हणाली. "तुजा पोर नाय का तो? असा उनात उबा केला तुमी. त्याला तानेला ठेवाचा?"

 हसणं जिथं होतं तिथंच थांबलं. मी नवऱ्याकडे बघितलं, तो फांदीकडे बघत होता.

"आमी पन तवा गावातच होतो, मास्तरीनबाय," जाऊ हळू म्हणाली. इतकी हळू बोलताना मी तिला कधी ऐकलं नव्हतं. "आपली सासू आमाला सांगून ठेवायची, तिचे समोर कोन बोलू नका. नाय बोललो."

तीस वर्षं मी ज्यांना विसरलेले समजत होते त्यांनी तीस वर्षं माझ्यासमोर तोंड मिटून ठेवलं होतं. एवढी मोठी गोष्ट एवढ्या शिस्तीनं सांभाळलेली मी कुठल्या कमिटीत पाहिलेली नाही. आणि मी मात्र सांभाळणारी एकटी मीच, म्हणून मिरवत होते, मनातल्या मनात का होईना.

नवरा म्हणाला, "सगळी सडली नसेल. वरून कापून बघू." कुजका भाग काढून टाकला तर वरचा तुकडा पुन्हा लावता येतो, हे खरं आहे. तो भावाच्या घरातून कोयता घेऊन आला. देवळाच्या ओट्यावर फांदी आडवी ठेवून त्यानं पहिला तुकडा पाडला. आत तपकिरी.

"चीक यायला पाहिजे," मी सांगितलं. "पांढरा. आला म्हणजे जिवंत आहे."

बायका वाकून बघत होत्या. दुसरा तुकडा.

"आला?"

"नाय."

"अजून वर काप, दादा."

तिसरा, चौथा. प्रत्येक वेळी मधोमध तो तपकिरी ठिपका, थोडा लहान होत जाणारा. तो लहान होत होता म्हणून आम्ही सगळ्या आणखी जवळ सरकत होतो. शेवटी चार बोटं लांबीचा शेंडा उरला. नवऱ्यानं तो हातात धरून अगदी पातळ चकती काढली. कापल्या जागी काहीतरी चमकलं.

"आला, आला!" कोणीतरी म्हणालं.

काकीनं पदराचं टोक त्यावर टेकवलं, डोळ्यांजवळ नेऊन निरखलं, बोटांनी चोळलं. चीक असता तर चिकटला असता. "पानी हाय," ती म्हणाली.

मग मी सांगितलं. याला पान येईपर्यंत पाणी घालायचं नसतं, थोडंसुद्धा नाही, त्यानंच ती कुजते. मी ते आवाज न चढवता सांगितलं, कारण रागवायला समोर कोणी नव्हतं. एकेक बाई आपल्या तांब्याकडे बघत होती. एकीनं तो पाठीमागं लपवला.

"मग सांगाचा ना, बाय," जाऊ म्हणाली.

टोमणा असता तर मी परतवला असता. तो टोमणा नव्हता. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. ती वाट बघत होती, की मी काहीतरी उत्तर देईन ज्यानं निदान निम्मी चूक माझ्याकडे येईल. सगळीच माझी होती. ते मी तेव्हा म्हणाले नाही, इथं लिहिते आहे.

जिथून फांदी आणली होती तिथं आता भराव आहे, त्याच्याभोवती भिंत आहे. दुसरी फांदी आणायला झाड उरलेलं नाही. देवळामागचं, ज्याच्यापासून ती पहिली खूण आली, ते जुनं झाडही नाही. नर्सरीत चाफे मिळतात, पळस्प्याच्या रस्त्याला गुलाबीसुद्धा मिळतात. पण आम्हाला चाफा नको होता.

नवऱ्यानं तुकडे एका कॅरीबॅगमध्ये भरले. त्यांचं काय करायचं यावर चर्चा सुरू झाली. एकजण म्हणाली, खाडीत सोडू. खाडीकडं जायला आता वळसा घालून चौकीवर पास दाखवावा लागतो. काकी म्हणाली, इथंच पुरू, हितंच बरा हाय. आवाज ऐकून कमिटीचे अध्यक्ष आले होते, त्यांनी मान खाली घालून सांगितलं, की सोमवारपासून या चौकोनात पेव्हर ब्लॉक बसतायत, ऑर्डर गेलीय.  नवरा पिशवी दोन्ही हातांत धरून उभा होता. ती तशी धरायची काही गरज नव्हती, अर्धा किलोही वजन नसेल.

तेवढ्यात घंटागाडी आली. तिचं स्वच्छतेचं गाणं कमानीतून आत शिरलं आणि गाडी बरोबर आमच्यापुढं थांबली, कारण आम्ही सगळे रस्त्यात उभे होतो. मागं उभ्या असलेल्या हिरव्या जॅकेटातल्या बाईनं खाली वाकून नवऱ्याच्या हातातल्या पिशवीकडे हात केला.

"ओला का सुका?"

त्यानं माझ्याकडे बघितलं. जाऊनं बघितलं, काकीनं बघितलं. गाडीच्या मागं एक रिक्षा हॉर्न द्यायला लागली होती.

"ओला," मी म्हणाले.

झाडाच्या फांद्या ओल्या कचऱ्यात घेतात.